चाकाखालची लिंबं

इंद्रजीत परदेशात ट्रक चालवायचा करार संपायच्या पाच महिने आधीच न्हावऱ्याला परत आला आणि का आला, ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

त्यानं सांगितलं नाही म्हणून गावाचं अडलं नाही. डिझेल विकताना सापडला, असं पारावर ठरलं. आई झुंबरबाईच्या मते पोराला नजर लागली होती. त्याची बायको नीलम वेगळंच धरून बसली होती.

"तिकडं कुणीतरी ठेवलेली आसंल," भाकरी थापता थापता ती धाकट्या जावेला म्हणाली. "झोपेत पाय हलतोय त्यांचा. उजवाच. सारखा दाबत्यात आन् दचकून उठत्यात. आता बाई आठवून पाय कशाला हलंल, तेवढं मला उमगंना."

सुलक्षणाला एरवी हसू फुटलं असतं. पण तिचा नवरा विक्रम, इंद्रजीतचा धाकटा भाऊ, त्याच्याच कंपनीत, त्याच कामावर निघाला होता. गुरुवारी दौंडला जाऊन पोपट एजंटाकडं पासपोर्ट द्यायचा, की झालं.

काम ऐकायला सोपं होतं. दूरच्या एका देशात लढाई चालू होती. तिथं उतरलेल्या परदेशी फौजेला पाणी, डिझेल, धान्य पोचवणारे ट्रक चालवायचे. पुढं फौजेच्या गाड्या, मागं फौजेच्या गाड्या, मधे हे.

"धोका नाही ना?" पहिल्या भेटीत सुलक्षणानं पोपटला विचारलं होतं.

"धोका बाहेरच्यांना, वैनी. आपली माणसं ताफ्यात असत्यात."

"बाहेरचे म्हणजे कोण?"

पोपटनं हाक मारून चहा सांगितला होता. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या चहाबरोबर आलं नाही आणि तो प्रश्न तिच्या डोक्यातून गेलाही नाही.

ती दिरावर लक्ष ठेवू लागली. उसाचा ट्रक घाटात रिकामा असल्यासारखा पळवणारा हा माणूस आता सगळीकडं पायी जात होता. शिरूरला जायचं तर एसटीनं, तेही अगदी मागच्या बाकावर, रस्ता दिसणार नाही असा. विक्रमनं विचारलं, "दादा, जाऊ ना मी?" तेव्हा तो गोठ्याकडं बघत म्हणाला, "जा की." काम वाईट असतं तर त्यानं भावाला अडवलं असतं. चांगलं असतं तर स्वतः परत आला नसता. सुलक्षणानं दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. मेळ बसत नव्हता. काहीतरी तिसरंच होतं.

सोमवारी घरात जुनी पिकअप आली, कांदा बाजारात न्यायला. दारात पूजा झाली. झुंबरबाईंनी हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. थोरला म्हणून किल्ली इंद्रजीतच्या हातात दिली.

त्यानं गाडी चालू केली. पण ती पुढं सरकेना. इंजिन नुसतं घुरघुरत राहिलं. मग तो खाली उतरला, वाकला, आणि एकेका चाकाखालून चारही लिंबं काढून ओंजळीत घेऊन उभा राहिला.

"आरं, आसं काय करतुयास? अपशकुन हुतोय!" झुंबरबाई ओरडल्या.

"परदेशात लिंबू महाग आसंल, आत्या," शेजारचा नवनाथ म्हणाला आणि सगळे हसले.

"सरा दादा, तुमच्यानं न्हाई व्हायचं." विक्रमनं लिंबं त्याच्या हातातून घेतली, परत चाकाखाली ठेवली आणि गाडी झोकात पुढं काढली. फच्च आवाज झाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. इंद्रजीत तोवर पाण्याच्या टाकीपाशी पोचला होता. स्वच्छच हात पुन्हा पुन्हा धूत होता.

थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची त्या घरात पद्धत नव्हती. सुलक्षणा टाकीपाशी गेली.

"दादा, यांना पाठवा असं तुम्ही म्हणत नाही, नका पाठवू असंही म्हणत नाही. तुमच्या पोटात काय हाय?"

"काय न्हाई."

"मग लिंबं का काढली?"

"वाया जात्यात," इंद्रजीत म्हणाला आणि नळ बंद करून निघून गेला.

इतकं कच्चं खोटं तिनं कधी ऐकलं नव्हतं. गुरुवारी दादांनीही दौंडला यावं, हा हट्ट तिनंच धरला. पोपटला आणि त्यांना एकमेकांसमोर उभं करून तिला दोघांचे चेहरे बघायचे होते.

पिकअपमध्ये विक्रम चालवायला, मधे अंग चोरून सुलक्षणा, दाराशी इंद्रजीत. भीमेचा पूल ओलांडून पारगावच्या पुढं आले, तर रस्ताभर मेंढरं. मेंढरांचा धनी बिरदेव काठी आडवी धरून पुढं चालला होता. विक्रमनं हॉर्न वाजवला. मेंढरं हलली नाहीत.

"आपोआप सरकत्यात," म्हणत त्यानं गाडी हळूहळू कळपात घातली. एक मेंढी बंपरला घासून बें करून ओरडली.

इंद्रजीतनं चालत्या गाडीचं दार उघडलं आणि उडी मारली. मेंढरांतून वाट काढत तो गाडीच्या पुढं आला, बॉनेटवर दोन्ही तळवे टेकून उभा राहिला. विक्रमनं करकचून ब्रेक दाबला.

"दादा! याड लागलं का काय?"

"का थांबलास?"

"म्हंजी? तुम्ही म्होरं हाय की!"

"तितं थांबायचं नसतंय. चालव."

विक्रमनं गाडी बंद केली. इंद्रजीत तिथूनच बोलू लागला, मोठ्यानं, जणू मधे अजून इंजिनाचा आवाज होता.

"पैल्या दिवशी एवढंच शिकवत्यात. एक गाडी थांबली की आख्खा ताफा थांबतो, आन् थांबला की बाँबनं उडवत्यात. मंग म्होरं कुणी का येईना. मी न्हाई थांबलो."

"कोण होतं?" सुलक्षणानं विचारलं.

"म्हातारा आन् त्याची सून. का लेक आसंल. हातगाड्यावर कलिंगडं घिऊन रस्ता वलांडत व्हती. चाक अडाकलं. तिनं हात वर केला, आसा. आपल्या बाया यष्टीला करत्यात तसा." त्यानं हात वर करून दाखवला आणि तो खाली घ्यायचं विसरला. "आरशात बघायचं न्हाई, ह्ये पन शिकवल्यालं. मी बघितलं. मागची गाडीबी त्यांच्यावरनंच गेली. तिच्या मागचीबी."

"मग? कुणी काय म्हणालं नाही?"

"हॉर्न दिला हुता का, एवढं सायबानं इचारलं. दिला हुता. मिटलं. संध्याकाळी गाड्या धुतल्या, रोजच्यासारख्या."

विक्रमनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मंग मला जा कशाला म्हणलात, दादा?"

"नको म्हणलो आसतो, तर का म्हणून इचारलं आसतंस."

मागं उसाचा ट्रॅक्टर येऊन थांबला आणि कर्णा वाजवू लागला. "गाडी बंद पडली काय, पावनं?" बिरदेवनं लांबून विचारलं. डॅशबोर्डवर विक्रमचा फोन थरथरत होता. पोपटचं नाव दिसत होतं.

विक्रम खाली उतरला. भावाचा वर राहिलेला हात त्यानं धरून खाली घेतला, त्याला दाराशी आणलं, आत बसवलं. मग स्वतः चढत म्हणाला, "दादा, नियमच तसा हाय म्हणल्यावर तुमचा काय दोष?"

धीर द्यायलाच बोलला असेल तो. पण सुलक्षणानं वळून नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं लिंबांवरून झोकात काढलेली गाडी तिला आठवली, आणि आत्ताची मेंढरंही.

"समोर दादा नसते तर?" तिनं विचारलं.

"तर काय?"

"तर थांबला असता?"

फोन थरथरायचा थांबला. ट्रॅक्टरला वाट देऊन विक्रमनं पिकअप वळवली, न्हावऱ्याच्या दिशेनं. पासपोर्ट खिशातून काढून सुलक्षणाच्या मांडीवर टाकला. "ठिव तुझ्यापाशी," एवढंच म्हणाला. जे तिला हवं होतं ते झालं होतं. तिनं तो पिशवीत तळाशी सारला.

तरी तिची नजर खालीच होती, विक्रमच्या उजव्या पायावर. इंद्रजीतनं डोळे मिटून घेतले होते.

पारगावच्या फाट्यावर एक बाई बोचकं घेऊन उभी होती. एसटी चुकली असावी. पिकअप दिसताच ती दोन पावलं रस्त्यात आली आणि तिनं हात वर केला.

विक्रमचा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली. "बसा मावशी, कुठं जायचंय?" त्यानं विचारलं.

पाय किंचित उशिरा गेला, असं सुलक्षणाला वाटलं.