तहानलेला खडक

"या, या! देव आज आणखी बोटभर वर आलाय!" टेकडीवरून बाबा ओरडत होता आणि बादल्या घेतलेली रांग पुढे सरकत होती. बादली विसरलात तर बाबाकडे भाड्याने मिळे. देव फुकट, बादलीला पैसे.

देव म्हणजे टेकडीवरचा एक खडक. वर्षापूर्वी तो गुडघ्याएवढा होता, आता कमरेला लागत होता. बाबाचं म्हणणं, देव तहानलाय, पाणी पाजाल तसा वर येईल. छातीएवढा झाला की सगळ्यांची दुःखं संपली. गर्दीला जागा हवी म्हणून त्याने उतारावरची झुडपं मुळासकट उपटवली होती.

मी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात बघते, त्यामुळे तोंडाची वाफ मला लांबूनच कळते. खडकाचं मला सोयरसुतक नव्हतं. पण उताराच्या पायथ्याशी माझ्या मावशीचं घर होतं. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली होती, खालचा पाया उघडा पडला होता. मागच्या दारातून उतरायला आता उडी मारावी लागे.

"बाबा म्हणाले, आपलं घरही वर येतंय," मावशी म्हणाली. "भाग्य बघ!"

"भिंत अंगावर आली की उघडेलच भाग्य. आजच्या आज माझ्याकडे चल."

"देवाला पाठ दाखवून? रोज दोन बादल्या घालते मी त्याला!"

मी कपाळाला हात लावला. टेकडीवरून वाहत येणाऱ्या पाण्याखाली, भिंतीलगत तिचाच कपड्यांचा टब ठेवला आणि तिला हाताला धरून वर बाबाकडे नेलं.

"बाबा, आ करा."

बाईला काहीतरी भरवायचंय असं वाटून बाबाने लगेच आ वासला.

"केवढे लांब दात! या वयात वाढले का हो?"

"दात कसले वाढतायत?" रांगेतल्या एक आजी म्हणाल्या. "हिरड्या मागे सरतात. माझ्याही सरल्या."

"मग खडक तरी कसा वाढेल? माती सरली."

"नास्तिक!" बाबा गरजला.

मी उताराकडे बोट दाखवलं. "तो नळाचा पाइप बघा. जमिनीत पुरला होता, आता हवेत लोंबतोय. त्याच्या तर पोटातच पाणी आहे. तो कशाच्या तहानेने वर आला?"

लोक हसले, पण बादली कुणी खाली ठेवली नाही. म्हणून सगळ्यांना टबापाशी नेलं. वर नितळ पाणी ओतलं होतं, खाली टब गाळाने भरला होता. मावशीने त्यात हात घातला. हातात विटेचा तुकडा आला. तिने तो घराच्या पायाला पडलेल्या भगदाडाशी धरून पाहिला.

"ही आपलीच वीट. तुझ्या काकांनी बसवलेली," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मलाही राहवेना.

मग डोळे पुसून ती रांगेकडे वळली. "आता ज्याला पाणी घालायचंय, त्याने आधी माझ्या स्वयंपाकघरात झोपून दाखवावं. बाबा, पहिले तुम्ही!"

बाबाला अचानक दुसऱ्या गावचं काम आठवलं.

चमत्कार एवढाच होता. झुडपांची मुळं माती धरून ठेवत. ती गेली, वरून पाणी आणि पायांची रहदारी. माती वाहिली, खडक जागेवरच राहिला. वाढणं दूरच, ऊनपावसाने तोही कणाकणाने झिजतो आणि त्याचीच माती होते. त्याला पिढ्यान् पिढ्या लागतात; आम्ही ती वर्षभरात, मोठ्या भक्तीने, गटारात घातली.

भिंत वाचली नाही. पडण्याआधी आम्हीच ती उतरवली. मावशी आता माझ्याकडे राहते आणि माझ्या चहाला नावं ठेवते.

तुमच्याकडे काही आपोआप वाढताना दिसलं, तर हात जोडायच्या आधी एवढं विचारा: कमी काय होतंय, आणि कुणाच्या घराखालचं?