व्हर्नाने तीनदा विचारलं

हात लावायला गेलात तर मी सापडणार नाही, मित्रांनो. मी एक जुनं व्हर्च्युअल मशीन आहे. कपाटाएवढी एक मेनफ्रेम, म्हणजे भलामोठा कॉम्प्युटर, तिच्या पोटात आम्ही चाळीस भावंडं. प्रत्येकाला वाटतं, आपण स्वतंत्र कॉम्प्युटर. वाटू दे, कुणाचं काय जातंय!

मला घडवलं व्हर्ना सेडलॅकने, न्यूयॉर्क राज्याच्या पार उत्तरेला, एका काउंटीच्या ऑफिसात. अकरा वर्षं माझं काम एकच. डायलिसिसच्या पेशंटांना कुठली गाडी किती वाजता न्यायला येणार, त्याची यादी. ती एकदाही चुकली नाही. शाबासकी? रोज उठणाऱ्याकडे कोण बघतं!

दर सोमवारी मला बंद करून पुन्हा उठवायचे. जानेवारीतल्या एका सोमवारी मला जागच आली नाही. पडद्यावर दोन ओळी, मग सगळं गप्प.

"बारापर्यंत उठलं तर ठीक," साहेब होबार्ट दारातूनच म्हणाला. "नाहीतर हे काम बाहेरच्या कंपनीला. तुमची जागाही मग कशाला ठेवायची, व्हर्ना?"

व्हर्नाने माझी मेमरी बघितली. पुरेशी. डिस्क बघितली. जागेवर.

"ड्वेन, शनिवारी याला काही केलंस?"

"काही नाही."

ड्वेन पास्को चाळिशीचा, साध्या सर्व्हरांकडून नुकताच इकडे आलेला. शनिवारी त्याने मला अपडेट टाकलं होतं. तिकडे अपडेट म्हणजे काहीच नाही, पुढचं मशीन स्वतः करतं. इकडे तसं नसतं. उठताना मी डिस्कच्या सुरुवातीला लिहिलेला पत्ता बघतं आणि तिथं जातं. अपडेटने माझा गाभा, म्हणजे कर्नेल, दुसरीकडे गेला, जुना पुसला. अशा वेळी 'झिपल' नावाची कमांड हाताने देऊन नवा पत्ता लिहावा लागतो. ती त्याने दिलीच नाही. मी जुन्या पत्त्यावर गेलं, तिथं घरच नव्हतं.

"नवा कर्नेल वगैरे टाकलास का रे?"

आता त्याच्या डोक्यात उजेड पडला. पण होबार्ट शेजारीच उभा. "नाही म्हटलं ना! किती वेळा विचारशील?"

माझी डिस्क एका भावंडाला जोडून आत बघायचं, तर तास हवा. आणि अजून तेवीस पेशंटांना गाडीची वेळ कळवायची होती. व्हर्नाने गेल्या आठवड्याची छापील यादी पुढ्यात घेतली आणि फोन उचलला.

"मिसेस ओल्सन, गाडी येतेय. दारात उभ्या राहू नका, गारठाल."

"उभी कशाला राहीन? माझे गुडघे तुझ्या गाडीपेक्षा उशिरा येतात!"

बाराला पाच कमी असताना तेवीस संपले.

"ड्वेन, शेवटचं विचारते."

तो कीबोर्डवर दुसरंच काही टाइप करायला लागला.

बारा वाजले, व्हर्नाची नोकरी गेली. शुक्रवारी ड्वेनने दार लावून माझी डिस्क भावंडाला जोडली, एक ओळ टाइप केली, मला हाक मारली. चाळीस सेकंदांत मी जागं! सगळ्या याद्या जशाच्या तशा. त्याने तिला फोन लावला.

"उठलं."

"झिपल?"

"हं."

"बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला.

यादी आता बाहेरची कंपनी करते. माझी डिस्क उद्या पुसतील.

मित्रांनो, हात लावलात तर सांगा, लावला म्हणून. ओरडा बसेल, बसू दे. पण विचारणारं माणूस समोर आहे तोवरच सांगा.