गाडी पोचल्याची वेळ

“लिही, ‘गाडी वेळेवर पोचली होती.’ पुढे लिही, ‘मी खोटं कारण सांगितलं.’”

मुख्याध्यापक गुरुप्रसाद सर खुर्चीत बसून सांगत होते आणि नववीतली तन्वी टेबलावर वाकून उभ्यानेच लिहीत होती. ‘खोटं’पाशी तिचा हात थांबला. शाळेच्या गाडीत मुलांची चढ-उतार सांभाळणारी शेवंती दाराशी उभी होती. तिला साक्षीला बोलावलं होतं.

सरांसमोर दोन कागद होते. एक हिरवा, जूनमध्ये प्रत्येक पालकाची सही घेतलेली आचारसंहिता. चाचणीला उशिरा येऊन खोटं कारण देणं हे कॉपी करण्यासारखंच, आणि कॉपीला शून्य गुण, असं त्यात छापलं होतं. दुसरा कागद गाडीच्या वेळांचा तक्ता. शाळा साडेदहाची. सोमवारच्या रकान्यात ‘१०.१५’ आणि पुढे शेवंतीची सही.

सोमवारी पहिल्याच तासाला गणिताची चाचणी होती आणि गाडी पोचली अकराला दहा कमी असताना. गाडीत नववीतली तन्वी एकटीच, बाकी सगळी प्राथमिकची बारकी मुलं. गाडी उशिरा आली म्हणून तिने वीस मिनिटं वाढवून मागितली. सरांनी तक्ता काढला आणि तिच्या पेपरवर शून्य मांडलं.

गाडी संस्थेच्या एका संचालकांची होती. त्यांचं लॉजही होतं. सकाळी गाडी आधी वैभववाडी स्टेशनवर जायची, पर्यटकांना लॉजवर सोडायची, मग मुलांच्या वाड्यांकडे वळायची. “तक्त्यात रोज सव्वादहाच लिहायचं,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शेवंतीने दोन वर्षं तेच लिहिलं. त्याआधी ती काजूच्या कारखान्यात होती. टरफलांच्या तेलाने तिच्या बोटांची सालं निघायची. पुन्हा तिथे जायची तिची तयारी नव्हती.

“शेवंतीबाई, अक्षर तुमचंच ना?”

“हो सर.”

“बघ,” सर तन्वीला म्हणाले, “या बाई सातवी शिकलेल्या. पण नोंद कशी चोख ठेवतात! शीक जरा त्यांच्याकडून.”

सरांनी शिव्या दिल्या असत्या तर शेवंतीने ऐकून घेतल्या असत्या. हे कौतुक मात्र तिला सोसवेना.

“सर, ती वेळ खोटी आहे.”

“काय?”

“सोमवारी गाडी दहा-पन्नासला आली. कालही उशीरच झाला. मी रोज सव्वादहाच लिहिते. तुम्हालाही माहीत आहे.”

“आवाज खाली. मला काय माहीत असणार?”

एवढं ऐकल्यावर तिची ऑफिसातली भाषा सुटलीच आणि घरची मालवणी तोंडात आली.

“म्हायत नाय? ह्या खिडकेत उबे ऱ्हवान तुमी चाय पितास. गाडी फाटकातसून भितर येता ती तुमका दिसता! पोरां धावत वर्गात जातत ती दिसतत! आणि खोटारडा कोण, तर ह्या चेडू? खोटा मी लिवलंय. माका लिवक लावल्यानी. तुमी बगलास आणि गप ऱ्हवलास. मगे तुमका-माका शून्य कोण देतलो?”

शेजारच्या वर्गातला आवाज थांबला. सरांनी उठून दार लोटून घेतलं. परत बसले तेव्हा त्यांचा चेहरा कोरा होता.

“सही तुमची आहे. खोटी नोंद केल्याचं तुम्ही स्वतः कबूल करताय. उद्यापासून कामावर येऊ नका.”

“नाय येणंय. पण आदी कागद दिया. ह्या चेडवान लिवचा नाय. मी लिवतंय.”

सरांनी कागद दिला नाही. तन्वीने आपला पुढे सरकवला. शेवंतीने वरच्या दोन ओळींवर काट मारली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘गाडी उशिरा येत होती. वेळा मी खोट्या लिहिल्या.’ सही केली, तारीख घातली. मग कागद सरांपुढे ठेवून ती म्हणाली, “पोच दिया.”

ती हलेना, तेव्हा सरांनी पोच दिली. तन्वीच्या पेपरवरचं शून्य खोडलं आणि तिथे लिहिलं, ‘गैरहजर’.

“झालं समाधान?” त्यांनी विचारलं.

संध्याकाळी शेवंती गाडीत चढली. ड्रायव्हर बाबू म्हणाला, “आता कित्याक येतंस? तुका काडल्यानी मा?”

“मगे ह्या बारक्यांक उतरवतलो कोण? तू?”

फोंडाघाटाचा बाजार मागे पडला. तन्वीचा थांबा जवळ आला तशी ती दप्तर घेऊन दाराशी आली.

“काकी, दोन वर्सां तू खोटा कित्याक लिवलंस?”

“भियालंय गो.”

“माका पण भय वाटला होता,” तन्वी म्हणाली. “तरी मी खराच सांगलंय.”

गाडी थांबली. शेवंतीने सवयीने हात पुढे केला. तन्वी दांडी धरून आपली आपण उतरली आणि मागे न बघता पाणंदीने निघून गेली.

पुढच्या थांब्यावर पहिलीतली पोर सीटवर झोपली होती. शेवंतीने तिला उचलून घराच्या बेड्यापर्यंत, कुंपणाच्या फाटकापर्यंत, नेलं आणि आईच्या खांद्यावर दिलं.

“उद्यापासून रस्त्यापर्यंत येवा,” ती म्हणाली. “उतरवक कोण आसतला काय नाय, माका म्हायत नाय.”

“कित्याक गो? काय झाला?”

बाबूने हॉर्न दिला. शेवंती वळली. राहिलेल्या चारही थांब्यांवर तिने मुलांना एकेक करून खाली घेतलं आणि त्यांच्या आयांना तेवढंच सांगितलं.