लाखाचे वाटे

दाण्याचं टोक मोडलं होतं, की उजेडच तसा पडला होता... सारजाबाईने तो नखावर घेऊन डोळ्यांशी नेला – मोडकाच – आणि सुपाबाहेर भिरकावला. लाखोलीला अखंड तांदूळ लागतो. लाख दाणे, महादेवाला. जयसिंग मुदतीच्या तापात बरळत होता तेव्हा हा नवस बोलली ती त्याची आई. ही सुंदरा, सूस गावची, सातवी शिकलेली सून, तेव्हा नुसती उशाशी बसून होती... म्हणजे कपाळावरच्या पट्ट्या बदलत होती, पण ते निराळं. नवस बोलायला तोंड लागतं.

आणि आता हिंडूफिरू लागलेला लेक म्हणत होता, "आये, एकटीचं डोळं जातील. तिघं सारखं मोजू."

सुंदराने पाटीवर लाख मांडला. एकावर पाच शून्यं – एवढ्याशा रांगेत एवढी रास मावते, याचाच सारजाबाईला राग आला.

"तिघांत न्हाई जात, आत्याबाई. तेहतीस हजार तीनशे तेहतीस, अन् एक उरतोय."

"पुन्यांदा कर."

"कितींदाबी केलं तरी उरणारच. दोघांत मातुर बरोबर जातोय."

"मंग तूच उरलीस, आये!" जयसिंग हसला. सुंदराने हसू पदरात दाबलं.

दोघांत बरोबर जातो... जाणारच! देवाच्या तोंडचा आकडा, पण तोही फितूर. तिघं म्हटलं की एकाला उंबऱ्याबाहेर काढतो. हिनेच शिकवलं असेल त्याला.

"चौघांत घाल."

"चवथं कोण?"

"तुझा सासरा. मेला म्हून घरचा न्हाई व्हय?"

खडू करकरला. "पंचवीस हजार. काय उरत न्हाई." मग हळूच, "पर मामंजींचं मोजायचं कुणी?"

"मी हाय की! जित्तेपणी त्यांची भाकर तू थापत हुतीस का?"

म्हणजे तिचे पन्नास हजार, अर्धा लाख एकटीचा. कशी जिरवली! तिने एक सूप आपल्यापुढे ओढलं... घरात सुपं दोनच. राहिलेल्या सुपाला ती दोघं समोरासमोर बसली, डोकी लागतील इतकी जवळ, आणि त्यांना तसं बसवलं होतं ते तिच्याच हिशेबाने.

दाणे सरकू लागले. जयसिंग ओठांत पुटपुटत होता – एकसष्ट, बासष्ट... मांडीवर घेऊन तिने त्याला विसा शिकवल्या होत्या, वीस झाले की एक बोट दुमडायचं. तो बोटं दुमडत नव्हता, सुनेसारखा सलग शंभराकडे निघाला होता. चुकतोयस म्हणावं... पण तो चुकत नव्हता. अडुसष्ट, एकोणसत्तर – विसाच्या पुढे काय येतं ते तिला कधी लागलंच नव्हतं – सत्तर, एकाहत्तर... आणि तिच्या ध्यानात आलं की हात सुपात तसाच थांबला आहे, आपले किती झाले ते मघाच सुटलंय, आणि ओठ मात्र हलताहेत, त्याच्या मागोमाग, बहात्तर, आवाज न करता, सुनेला दिसू नयेत एवढेच.