धुऊन गेलेला चेहरा

कारध्याच्या घाटावर त्या रविवारी इतकी माणसे लोटली होती की वैनगंगेचे पाणी दिसत नव्हते. दिसत होता तो वर धरलेल्या मोबाइलांचा चकाकता, आंधळा काठ. मधोमध निखाऱ्यांची शेगडी, तीवर तापत ठेवलेली लोखंडी लादी, जिला सगळे 'शिळा' म्हणत, आणि शिळेमागे उताराबाबा.

"देव मानू नका!" बाबा गरजत होते. "मी नारळ मागत नाही, अगरबत्ती मागत नाही. कापड माना! गरमीनं रोग वर येते, कापड त्याले ओढते, पाणी त्याले नेते. हे सायन्स आहे, सायन्स!"

आमच्या माणसांसाठी याहून नेमका गळ कोणी घडवला नसता. आमच्या आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली आणि घरातले देव याच नदीत सोडले. देवाच्या नावाने कोणी बोलावले असते, तर माझी बहीण भावना वळूनही पाहती ना. या बाबाने देवाचे नावच टाळले होते.

तिची रुचिता समोर बसली होती. जन्मापासून सिकलसेल, रक्ताचा आजार; सांधे धरले की रात्रंदिवस कण्हणारी, आणि गोळ्यांच्या आधाराने शाळेत जाणारी. तिचा शाळेच्या गणवेशातला फोटो आदल्या दिवशीच 'ध्यानासाठी' बाबांच्या शिष्याच्या मोबाइलवर गेला होता.

बाबांनी पाटावरच्या गादीखाली हात घालून ती सारखी केली, तीवर पांढरे कापड अंथरले, वर शिळा दाबली, ओठ हलवले. मग कापड उलटले. रुचिताचा चेहरा, रंगांसह, त्यावर उमटला होता.

"मामा, मीच आहो ना!" ती टाळ्या पिटत म्हणाली.

बाबांनी ते कापड फेसाळ, गरम पाण्यात चोळले. आधी ओठ गेले, मग डोळे. शेवटी एक मळकट सावली तेवढी उरली. "नेला पाण्यानं रोग! आता गोळ्या घेणं म्हणजे गेलेल्या चोराले घरी बोलावणं!" भावनाने रडत रडत गोळ्यांची डबी नदीत भिरकावली.

मी गर्दीत बोलणारा माणूस नाही. तरी म्हणालो, "बाबा, चेहऱ्याखाली शाळेचा टाय पण उतरला. रोगाले टाय कायले लागते?"

"ह्या पोराच्या आवाजातच रक्त नाही. आधी ह्यालेच पाटावर बसवा!" बाबा म्हणाले.

घाट हसला. भावनाही हसली.

त्यानंतर म्हातारे तेजराम बसले. त्यांचा चेहरा मात्र कितीही चोळला तरी जाईना. "पाप जुनं आहे. पुढच्या रविवारी या, दक्षिणा वाढवून." तेजराम खाली मान घालून उठले, आणि बरे न झाल्यामुळे आपल्या गोळ्या घेत राहिले.

रुचिता 'बरी' झाली होती. म्हणूनच, तीन-चार दिवसांत ती विव्हळू लागली तेव्हा, तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

"ताई, चाल दवाखान्यात."

"काहून? तुझ्यासमोर धुऊन गेला ना चेहरा? शाळा बुडवाची आहे म्हणून नखरे करून राहिली."

"मामा," रुचिता कुजबुजली, "मी बरी झाली, त मग दुखून कायले राहिलं?"

साकोलीच्या मेकरस्पेसमध्ये, म्हणजे यंत्रे सगळ्यांना वापरता येतात अशा कार्यशाळेत, मी लोकांच्या मगांवर, टी-शर्टांवर त्यांचे फोटो छापून देतो. तिथल्या खास शाईने रुचिताचा फोटो छापलेले दोन कागद आणि दोन कापडे, एक पॉलिस्टरचे, एक सुती, मी सोबत आणली होती. भावनासमोर इस्त्री तापवली. "या कागदावरची शाई उष्णतेनं वाफ होते, ताई. पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते आणि तिथंच राहते. सुती धाग्यात तिले जागा नाही. ती वरवर बसते." रुचिताचा तोच फोटो मी दोन्हींवर उमटवला आणि दोन्ही कापडे एकाच बादलीत धुतली. एकावर ती हसत राहिली. दुसऱ्यावर ती पुन्हा विरत गेली.

"कोणाले बरं करायचं ते बाबा ठरवते," मी म्हणालो. "कापड निवडून."

पोरीला उचलून भावना अनवाणी धावली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?" तोवर रुचिताला श्वास पुरत नव्हता. ती घरी परतली नाही.

पुढच्या रविवारी भावना घाटावर गेली. बाबा रंगात आले होते. ती सरळ पाटापाशी गेली आणि तिने गादी उचकटली. खाली माझ्याकडच्यासारखेच फिकट, उलटे छापलेले कागद रचून ठेवले होते. त्या दिवशी रांगेत बसलेल्या प्रत्येकाचा चेहरा तिथे आपल्या पाळीला कापडाखाली सरकवला जाण्याची वाट पाहत होता.

"बाई दुःखानं येडी झाली!" शिष्य ओरडला. पण तेजरामांनी आपला चेहरा ओळखला होता. त्यांनी कागद उंच धरला आणि मी सुती आणि पॉलिस्टर यांतला फरक सांगितला. बाबा धोतर सावरत नावेकडे पळाले. नावाड्याने नाव रिकामीच पाण्यात ढकलून दिली. लोकांनी त्यांना चिखलात गाठले आणि पोलीस येईपर्यंत मनसोक्त हसले, ज्या तोंडांनी मला हसले होते, त्याच तोंडांनी.

मग कडेवर तापलेले पोर घेतलेली एक बाई माझ्याजवळ आली. "भाऊ, तो धुऊन जाते तसा कापड तुमच्याकडं भेटन का? याच्यासाठी."

उत्तर भावनाने दिले.

"बाई, कापड धुतलं त कापड साफ होते, लेकरू नाही. माझी पोरगी दुखते म्हणे, अन् मी कापडाचं खरं मानलं. डोळ्यानं दिसलं तरी 'कसं झालं?' म्हणून इचारत जा. नाही समजलं त पुन्हा इचार. पण लेकराची गोळी बंद नको करू." तिने पोराच्या कपाळावर हात ठेवला. "लई तापला आहे. चाल, ऑटो उभा आहे."