धुक्यातलं वाळवण

फ्रेस्नोहून निघताना होवसेपने आईला, येरानुहीला, बजावलं होतं की बाजारात तोंड उघडायचं नाही. तिने मान डोलावली आणि सुरी झग्याच्या खिशात टाकली. लढाईवरून परतलेल्या पोराने आपली सगळी पुंजी या ट्रकात घातली होती. जर्दाळूची ही पहिलीच खेप. ही बुडाली तर तो ट्रक विकून फळं डबाबंद करायच्या कारखान्यात जाणार होता. त्याच कारखान्याच्या वाफेत त्याच्या बापाची छाती गेली होती. येरानुही जिवंत असेतो ते होणार नव्हतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारात क्रँडल नावाच्या अडत्याने ट्रक आपल्या गाळ्यापुढे लावून घेतला आणि थांबायला सांगितलं. सात वाजले, नऊ वाजले, अकरा वाजून गेले. त्याच्या दारातल्या मालाला दुसरा अडत्या हात लावत नसे, तशी त्या सगळ्यांची आपसात बोलीच होती. पिकला माल ताटकळत ठेवायचा आणि नरमला की मातीमोल उचलायचा. शेवटी क्रँडलसाहेब आले, एका फळात अंगठा रुतवला, नाक मुरडलं, आणि निम्मा भाव देतो म्हणाले, तोही मेहेरबानी म्हणून.

होवसेपने मान खाली घातली. गोळ्यांना न भ्यालेलं पोर, पण खोटारड्यापुढे त्याची जीभ उचलत नाही. बापावर गेलाय.

येरानुही खाली उतरली. ताडपत्री ओढून तिने थेट गाळ्याच्या दारात अंथरली, वर बैठक मारली आणि पेटी उघडली. फळ चिरायचं, बी काढायचं, उताणं मांडायचं. बघता बघता ओळ लागली.

"बाई, हे काय चाललंय?"

"वाळवण. नरम फळच वाळवायला बरं, तुम्ही आयतं पिकवून दिलंत. तीन दिवस बसेन इथे. पाय जपून टाका, चिकटतील."

होवसेपने वर पाहिलं. समोरच्या इमारतीचा माथा धुक्यात बुडाला होता. त्याने तोंड उघडलं, आईने नुसतं बघितलं. मग तो शेजारी बसला आणि मुकाट बिया काढू लागला.

तोवर हॉटेलवाल्यांच्या गाड्या मागे खोळंबल्या आणि ते क्रँडलच्या नावाने ओरडू लागले. त्याने जर्दाळू झाडावर लागलेला कधी पाहिला नव्हता, वाळलेला तर फक्त पुड्यात. त्याने घाम पुसला आणि पुरा भाव कबूल केला. चिरलेल्यांचे पैसे मात्र देणार नाही म्हणाला. ते आम्ही खाऊ, येरानुही म्हणाली.

डोंगर ओलांडून ऊन लागल्यावर होवसेपला हसू आवरेना. तो आईला घरच्या आर्मेनियन हाकेने म्हणाला,

"मायरिग, त्या धुक्यात हातरुमालसुद्धा वाळला नसता."

"आणि तू त्याला ते सांगणार होतास," ती म्हणाली. तिने लवाशच्या पोळीत चीज आणि चिरलेले जर्दाळू गुंडाळले, आणि त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते म्हणून पहिला घास स्वतःच भरवला.