मिशनची मंडळी मला बघायला आली

मी एक धामण बोलतेय. सोलापूरहून अक्कलकोटकडं जाताना गुरुबसप्पांचं शेत लागतं. तिथल्या विहिरीच्या कपारीत मी अंड्यातून बाहेर आले, तिथंच वाढले. माझ्या अंगात विष नाही. उंदरांवर मी जगते, म्हणून गुरुबसप्पांनी मला कधी हुसकलं नाही. "राहू दे की, ज्वारी राखती," असं ते गड्यांना सांगायचे.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या आमराईत सोलापूरच्या एका ख्रिस्ती मिशनची मंडळी शिबिराला आली. प्रार्थना, गाणी, एकत्र जेवण, आणि सर्पमित्र शहाजी साप दाखवणार, असा बेत होता. सापाची कल्पना पाळक अनिलकुमार यांची. त्यांच्या वसतिगृहात मुलींना सांभाळणाऱ्या ईरम्माबाई सापाचं नाव काढलं तरी थरथरायच्या. त्यांचा धाकटा भाऊ नाग चावून वारला होता. त्यांची भीती जावी, असं पाळकांना फार वाटायचं.

सकाळी मी उन्हाला पडले होते. शहाजीनं सगळ्यांना लांबच उभं केलं. "हात लावायचा न्हाय. हितं आपण पाहुणे हाय."

ईरम्माबाई सगळ्यांच्या मागं, तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. हळूहळू पुढं आल्या.

"चावली तर?"

"दात लागतील. इख न्हाय हिला."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "देखणी हाय की." मला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

दुपारी एक उंदीर शिबिराच्या स्वयंपाकाच्या मांडवात शिरला. मला भूक लागली होती. माणसं आहेत तिथं मी जायला नको होतं, पण गेले. तांदळाच्या पोत्यामागं स्वयंपाकी सिद्धप्पानं मला पाहिलं. सकाळी तो चुलीपाशीच थांबला होता, मला ओळखत नव्हता. "साप!" म्हणत त्यानं सरपणातलं लाकूड उचललं.

जवळच ईरम्माबाई ताटं पुसत होत्या. त्यांनी मला ओळखलं. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. लाकूड माझ्या पाठीवर बसलं. दुसऱ्यांदा उगारलं, तेव्हा त्यांनी सिद्धप्पाचा हात धरला. "मारू नगंस. सकाळचीच हाय ती."

"मला कुणी सांगितलंच न्हाय की, बाई." त्यानं लाकूड सरपणात परत टाकलं.

पाळकांनी जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली. ती त्यांना पुरी करता आली नाही.

शहाजीनं मला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. शेपटीकडचं अर्धं अंग आता हलत नाही. वन खात्याला कळवून त्यानं मला स्वतःच्या घरी ठेवलंय, एका पेटीत. सिद्धप्पा एकदा आला, दारातूनच परत गेला. तू माणसांच्या जिवासाठी भ्यालास, एवढंच मला त्याला सांगायचं होतं.

ईरम्माबाई मात्र रविवारची उपासना झाली की येतात. "तवाच बोलायला पायजे हुतं गं मी," म्हणतात.

तुम्हाला माझी विनंती एवढीच, की साप दिसला तर लांब व्हा. आणि ज्याला त्याची ओळख आहे, त्यानं लाकूड उचलायच्या आत बोलावं.

परवा माझी कात मोडक्या अंगावर अडकली. ईरम्माबाईंनी ओल्या बोटांनी ती सोडवली. त्यांनी हात मागं घेतला नाही. पाळकांच्या मनासारखं झालं. त्यासाठी माझी पाठ मोडायला नको होती.